सायकल स्टँडवरची बारावी सायकल

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकातून आत आले की उजव्या हाताला पत्र्याची एक लांबलचक शेड लागते. तिच्यावर जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘सायकल स्टँड’ असे रंगविलेले आहे. रंग बराच उडाला आहे, पण अक्षरे वाचता येतात. एका सकाळी पहिला तास मोकळा मिळाला, म्हणून मी त्या शेडखालची वाहने मोजली. मोटारसायकली आणि स्कूटर मिळून दोनशे चौदा भरल्या. सायकली अकरा. त्या अकरांपैकी चार शिपाई मामांच्या, दोन उपाहारगृहात काम करणाऱ्या पोरांच्या, एक माळीकाकांची आणि उरलेल्या चार विद्यार्थ्यांच्या. प्राध्यापकांची एकही नव्हती. विद्यार्थिनीचीही एकही नव्हती.

ग्रंथालयातील मामा सांगतात की ते १९९० च्या सुमारास नोकरीला लागले तेव्हा ही शेड सायकलींनी भरलेली असे. उशिरा येणाऱ्याला आपली सायकल कुंपणाला टेकवावी लागे. इंग्रजीचे सर पँटची मोहरी चिमट्यात धरून सायकल मारीत येत आणि तास संपेपर्यंत तो चिमटा काढायला विसरत. मुले मागच्या बाकावर हसत, पण सरांचा शेक्सपिअर ऐकायला वर्ग भरलेला असे. आज असा चिमटा कुणाच्या पायाला दिसला तर मुले हसण्याआधी विचारतील, ‘हे काय आहे?’

वाचकहो, हा लेख त्या अकरा सायकलींविषयी आहे. आणि जी तेथे नव्हती त्या बाराव्या सायकलीविषयीही आहे. सायकल चालवा, प्रकृती सुधारा, प्रदूषण टाळा, असा उपदेश मी करणार नाही. तो भिंतीवरच्या फलकांनी पुष्कळ केला आहे आणि आपण तो पुष्कळ वाचला आहे. मला एक साधा प्रश्न पडला आहे. ज्यांना सायकलची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याकडेच ती का नाही?

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. माझे आजोबा एका गिरणीत सांच्यावर होते. स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे मोठे कारखाने निघाले. १९५१ साली सोनीपतला ‘अ‍ॅटलास’, १९५६ साली लुधियानाला ‘हिरो’. त्याआधी रॅले, हंबर अशा विलायती सायकली सावकारांच्या आणि वकिलांच्या घरी असत. देशी सायकल आली तेव्हा कुठे ती कामगाराच्या आवाक्यात आली. आजोबांनी सायकल घेतली त्या दिवशी तिला हार घालून, नारळ फोडून घरात घेतले होते. तिला नगरपालिकेचा बिल्ला लागे. तो बिल्ला आजीने अजून देवघराच्या फळीवर ठेवला आहे. रात्री दिवा नसला किंवा कुणाला डबलसीट बसविले की पोलीस चाकातली हवा सोडून देई आणि मग हातात सायकल धरून घरापर्यंत चालत यावे लागे. आजोबा ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नसत; ऐटीने सांगत. ज्याला पोलीस अडवतो त्याच्याकडे अडविण्याजोगे काहीतरी आहे, असा त्या ऐटीचा अर्थ होता.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आजोबांची गिरणीही बंद पडली. वडील यंत्रमागावर लागले. तेव्हा आम्ही पूर्व भागात एका खोलीत राहत होतो. कारखाना हाकेच्या अंतरावर होता. खोलीत सहा माणसे, एक मोरी, आणि कोपऱ्यात अम्माची विड्यांची सुपे. कामाला चालत जाता येई, हे त्या खोलीचे एकमेव सुख.

यानंतर आमच्या आयुष्यात एक मोठी आणि चांगली गोष्ट घडली. विडी कामगार स्त्रियांनी अनेक वर्षे मोर्चे काढून, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरकुले मिळविली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे कामगारांना मिळाली. मी तेव्हा अम्माच्या कुशीत होते. स्वतःचे छप्पर, स्वतःचे दार, दाराला स्वतःचे कुलूप. ज्यांनी एका खोलीत सहा माणसांचा संसार केला आहे त्यांनाच त्या कुलपाची किंमत कळेल. त्या घराविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. पण घर मिळाले ते शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. कारखाना, बाजार, दवाखाना आणि आता माझे महाविद्यालय, सारे शहरात राहिले.

वडिलांनी आजोबांची सायकल बाहेर काढली. नवे टायर घातले, सीटवर फडके बांधले. रोज नऊ किलोमीटर जायचे, बारा तास मागापुढे उभे राहायचे आणि नऊ किलोमीटर परत यायचे. आठवड्याला दिवसपाळी आणि रातपाळी बदलत असे. मी त्याच सायकलवर शिकले. दांडीखालून पाय घालून, अर्धे पेडल मारीत, एका बाजूला कलून. गुडघ्यावरचे वण अजून आहेत. मी आठवीत गेले तेव्हा ‘आता पुरे’ असे घरात ठरले. कोणी रागावले नाही, कोणी मनाई केली नाही. फक्त सायकलची किल्ली खिळ्यावर जरा उंच टांगली जाऊ लागली.

पुढे वडिलांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. त्या हप्त्यांचा हिशेब मी अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या हौसेने मांडला आहे. इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७४ साली ऊर्जा आणि समता या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो, की अमेरिकेतील माणूस मोटारीत बसून जेवढे तास घालवतो त्यात मोटारीचा खर्च भागविण्यासाठी केलेल्या कामाचे तासही मिळवा. ही बेरीज वर्षाला सोळाशे तासांवर जाते आणि एवढ्या तासांत तो साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी!

मी हाच हिशेब आमच्या घराला लावला. मोटारसायकलचा हप्ता महिन्याला २,४०० रुपये, पेट्रोल १,१००, तेलपाणी-दुरुस्ती-विमा मिळून ५००. एकूण ४,००० रुपये. वडिलांना बारा तासांच्या पाळीचे ५०० रुपये मिळत. म्हणजे आठ पाळ्या, ९६ तास, केवळ मोटारसायकलसाठी. तिच्यावर बसण्याचे महिन्याचे तास सुमारे १७. मिळून ११३ तास. एवढ्या तासांत महिन्याचे ४६८ किलोमीटर कापायचे. भागाकार केला. ताशी चार किलोमीटर आणि वर थोडे. माणूस चालतो तेवढे! सायकलचा हिशेब असा : रोज दीड तास, महिन्याचे ३९ तास, आणि पंक्चर-तेलाच्या खर्चापोटी तीन तास. वेग ताशी अकरा किलोमीटर.

मी मोठ्या विजयाने तो कागद वडिलांना दाखविला. त्यांनी तो नीट वाचला. मग म्हणाले, “हिशेब बरोबर आहे, बाई. पण बारा तास उभं राहिल्यावर त्या नऊ किलोमीटरला पाय कुणाचे लावायचे?”

या प्रश्नाला इलिचच्या पुस्तकात उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. थकलेल्या माणसाला मोटारसायकल हवी असणे हा मोह नव्हे. आजीला रात्री दवाखान्यात नेले ते त्याच गाडीवरून. म्हणून जे लोक पंख्याखाली बसून गरिबांना सायकलचा महिमा सांगतात, त्यांच्यात माझी गणना होऊ नये अशी माझी इच्छा आहे. बारा तासांची पाळी आठ तासांची झाली तर सायकलच्या भवितव्यावर त्याचा जेवढा परिणाम होईल तेवढा कुठल्याही सायकल फेरीचा होणार नाही.

परंतु आमच्या घरात वडिलांखेरीज आणखी माणसे आहेत. अम्माचा दिवस पान-तंबाखू आणण्यात, विड्या वळण्यात, जुड्या बांधून माल पोचविण्यात जातो. हे येणे-जाणे डोक्यावर पाटी घेऊन, पायी. मोटारसायकल वडिलांबरोबर कारखान्यात असते. अम्मा आयुष्यात सायकलवर बसली आहे ती मागच्या कॅरिअरवर, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. हँडल तिच्या हाती कधी आले नाही. इथे मला या विषयाचे मर्म सापडले असे वाटते. सायकल गेली, सायकल गेली असे आपण म्हणतो, पण ती गेली पुरुषांच्या हातून. बायकांच्या हाती ती आलीच नव्हती. जी आली नाही ती गेली कशी म्हणायची?

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. नाव लिहीत नाही. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. मराठी निबंधात तर ती माझ्या कितीतरी पुढे. आमच्या दोघींच्याही घरात तेलुगू बोलतात, पण तिचे मराठी ऐकून बाई चकित होत. ती महाविद्यालयात आली नाही. तिला शिकू नको असे कोणी म्हटले नाही. बस मिळाली तर बस, नाहीतर भागीची रिक्षा; जायचे वीस, यायचे वीस. दिवसाला चाळीस म्हणजे महिन्याला हजार. घरात दोघी बहिणी, म्हणजे दोन हजार. बापाने हिशेब केला आणि एकीला, धाकटीला, पाठविले. थोरली आज अम्मासारखीच सूप मांडीवर घेऊन बसते. तिच्या शिक्षणाच्या आड जात आली नाही, फी आली नाही, बुद्धी आली नाही. नऊ किलोमीटर आडवे आले.

नऊ किलोमीटर! सायकलवर पाऊण तास. ती आणि मी दोघीही लहानपणी एकाच सायकलवर अर्धे पेडल मारायला शिकलो होतो.

ज्या २००६ साली आम्हाला कुंभारीचे घर मिळाले, त्याच साली बिहारमध्ये एक योजना निघाली. मुख्यमंत्री नितीशकुमार यांच्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी दोन हजार रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे तिचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि शाळाप्रवेशातील मुलामुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले. ज्या गावांना शाळा दूर होती तेथे फरक अधिक पडला. शाळा नव्या बांधल्या नाहीत, शिक्षक वाढविले नाहीत. अंतर तेवढे लहान केले.

त्याहून जुने उदाहरण तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे साक्षरता मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरओळखीबरोबर सायकल शिकणे हाही मोहिमेचा भाग केला. शेतमजूर बायका, खाणीत काम करणाऱ्या बायका, परिचारिका, शिक्षिका अशा हजारो स्त्रिया भर रस्त्यात पडत-झडत सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. गावातले पुरुष आधी हसले, मग टोमणे मारू लागले आणि शेवटी सवय झाली. स्त्रियांसाठीच्या सायकली दुकानांत मिळेनात तेव्हा बायकांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या. दांडीवर मूल बसविता येते, असा त्यातला फायदाही त्यांनी शोधून काढला. शंभर वर्षांपूर्वी, १८९६ साली, अमेरिकेत सुसान अँथनी यांनी स्त्रियांना मुक्त करण्याचे मोठे श्रेय सायकलला दिले होते. पुदुकोट्टैच्या बायकांनी सुसान अँथनीचे नाव ऐकले नसेल. पाणी आणायला, माल पोचवायला आणि पोराला दवाखान्यात न्यायला कोणाची वाट पाहावी लागू नये, एवढे त्यांना ठाऊक होते.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. ही गोष्ट चांगली आहे. पण बारावीनंतर काय? बारावी झालेल्या मुलीचे पाय लांब होतात की महाविद्यालय जवळ येते?

आता आक्षेपांकडे वळते, कारण वादविवाद मंडळात मी शिकले आहे की प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे.

पहिला आक्षेप उन्हाचा. सोलापूरचे ऊन ही थट्टा नव्हे. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सायकलच काय, सावलीसुद्धा नकोशी होते. परंतु मे महिन्यात आपल्याला सुटी असते आणि आपले वर्ग सकाळी भरतात. आपल्याकडे पाऊस कमी. रेल्वेवरचे पूल सोडले तर चढ कुठे नाही. सायकलला एवढे अनुकूल गाव घाटमाथ्यावर किंवा कोकणात शोधून सापडणार नाही. राहिला दुपारी परतण्याचा प्रश्न. त्याला उत्तर रस्त्याकडेची झाडे हे आहे आणि ती रस्ता रुंद करताना आपणच तोडली आहेत.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. सायकल म्हणजे गरिबी, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. मजा अशी की पहाटे होटगी रस्त्यावर पाहावे तर डॉक्टर, व्यापारी, अभियंते शिरस्त्राण घालून भारी किमतीच्या सायकली हाकीत असतात. आषाढीच्या सुमारास सायकलने पंढरपूर गाठणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण हीच सायकल सकाळी आठच्या आत चालविली तर हौस आणि आठनंतर चालविली तर गरिबी, हा न्याय कुठला? सायकलची प्रतिष्ठा वाढवायची असेल तर एक सोपा उपाय सुचविते. आपल्या प्राध्यापकांपैकी जे सर दोन-तीन किलोमीटरवर राहतात त्यांनी आठवड्यातून एकदा सायकलवर यावे. चिमट्यासह. आम्ही हसणार नाही असे वचन देते. (निदान समोर हसणार नाही.)

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो जिवाचा आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. अम्मा अक्कलकोट रस्त्याला भिते ती उगीच नव्हे. वसाहतीतून निघाले की उसाच्या ट्रॉल्या, औद्योगिक वसाहतीतले ट्रक, भरधाव जीप, सारे त्याच रस्त्यावर. आणि त्या रस्त्याची कड म्हणजे खड्डा, खडी आणि बाभळीचे काटे. तेथून मुलीला सायकलवर पाठवा असे कुठल्या आईला सांगायचे?

पण ही परिस्थिती देवाने दिलेली नाही. सायकलींचा देश म्हणून आपण ज्या हॉलंडचे कौतुक करतो, तेथेही १९५० नंतर मोटारींनी सायकली हुसकावल्या होत्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आयाबाप रस्त्यावर उतरले. १९७३ साली तेलाचा तुटवडा आला आणि सरकारलाही शहाणपण सुचले. त्यानंतर तेथे सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या. म्हणजे डच माणूस जन्मतः सायकलवेडा आहे म्हणून नव्हे, तर डच आई रागावली म्हणून ते घडले. आमच्या कुंभारीच्या आयांनी घरांसाठी मोर्चे काढले आहेत. रागावणे त्यांना शिकवावे लागणार नाही.

कागदावर आपणही मागे नाही. २००६ सालच्याच राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले आहे की वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे आणि पादचारी व सायकलस्वार यांना रस्त्यात वाटा द्यावा. एकाच साली दिल्लीत हे धोरण झाले, बिहारमध्ये मुलींना सायकली मिळाल्या आणि कुंभारीत दहा हजार कुटुंबांना घरे मिळाली. या तिन्ही गोष्टींची गाठ कोणी घातली असती तर? घरांबरोबर शहरापर्यंत सायकलची वाट आखली असती तर माझी मैत्रीण आज या अंकात माझ्यापेक्षा सरस लेख लिहिती झाली असती.

धोरण एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सायकलीवर १२ टक्के कर बसला. २०१९ साली विजेवरच्या मोटारीवरचा कर ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे लाखो रुपयांच्या मोटारीपेक्षा माळीकाकांच्या सायकलीवरच कराचा दर दुपटीहून अधिक! सायकलीचा कर ५ टक्के व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात, ३ जून २०२० रोजी, ‘अ‍ॅटलास’चा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. ३ जून हा संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला जागतिक सायकल दिन. आणि त्याच महिन्यांत टाळेबंदीमुळे अडकलेले मजूर जुन्या सायकली विकत घेऊन शेकडो मैल दूरच्या आपल्या गावी निघाले होते. सारी वाहने थांबली तेव्हा गरिबाच्या उपयोगी कोणते वाहन पडले, हे सर्व देशाने पाहिले आणि नंतर विसरूनही गेला.

सोलापूरचेच पाहा. आपण विमानासाठी किती वर्षे भांडलो! होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. तिच्यासाठी आणि तिच्याविरुद्ध सभा झाल्या, मोर्चे निघाले, न्यायालये झाली. जून २०२५ मध्ये गोव्याला विमान सुरू झाले. विमान यावे, त्याला माझा विरोध नाही. पण गोव्याला विमानाने जाणारे किती आणि कुंभारीहून शहरात रोज येणारे किती? जानेवारी २०२४ मध्ये आमच्या शेजारी रे नगरात आणखी पंधरा हजार घरे कामगारांना मिळाली. म्हणजे त्या रस्त्यावर आता पंचवीस हजार कुटुंबे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती-घरउद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात. मोटारसायकलने जाणाऱ्यांपेक्षा ते किंचित जास्तच होते. एवढ्या माणसांसाठी चिमणी पाडायला नको. रस्त्याच्या कडेची खडी बाजूला केली तरी पुरे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. कुंभारी ते शांती चौक रस्त्याच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटरची पक्की वाट असावी आणि ट्रक तिच्यावर येऊ नयेत म्हणून मध्ये दगडी कठडा असावा. वाटेवर कडुनिंब लावावेत. मुलींच्या सायकल योजना बारावीवर न थांबता पदवीपर्यंत याव्यात. आणि आपल्या महाविद्यालयापुरते म्हणाल तर शेडखाली सायकलींसाठी वेगळी ओळ, हवा भरायचा एक पंप आणि पंक्चर काढायचे सामान, एवढे करायला कुठल्याही धोरणाची वाट पाहावी लागणार नाही. आपल्या विद्यार्थी मंडळाने स्नेहसंमेलनाच्या मांडवातली एक कमान कमी केली तरी तेवढा खर्च भागेल.

शेवटी माझी स्वतःची हकीकत सांगून थांबते. दुसऱ्यांना सांगायचे तर आधी आपण करावे, म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी आजोबांची सायकल खाली काढली. उंच खिळ्यावरची किल्ली आता माझ्या हाताला येते. अम्मा काही बोलली नाही, पण विड्या वळायची थांबली. वडील म्हणाले, “मी मागे येतो.” मग आमची वरात निघाली. पुढे दांडीच्या सायकलवर मी, मागे मोटारसायकलवर वडील. माझ्या वेगाने, ताशी बारा किलोमीटरने, ट्रक आणि माझ्यामध्ये आपली गाडी धरून. मागचे लोक हॉर्न वाजवीत होते, शिव्या देत होते. वडिलांनी शहरापर्यंत तेथून हलायचे नाकारले. पन्नास मिनिटे लागली. औद्योगिक वसाहतीच्या वळणावर एक ट्रक इतक्या जवळून गेला की माझे हँडल थरथरले. महाविद्यालयाच्या बंद फाटकाशी पोचून मी मागे पाहिले तेव्हा वडिलांचा सदरा घामाने भिजला होता. सायकल मी चालवली होती, घाम त्यांना आला होता.

रोज माझ्यामागे ते कसे येणार? त्यांना पाळी आहे. आणि माझ्या शेजारणीच्या मागे कोण येणार? म्हणून त्या रविवारनंतर मी पुन्हा भागीच्या रिक्षानेच येते आणि दिवसाला चाळीस रुपये देते. शेडखाली सायकली अजून अकराच आहेत. बारावी सायकल कुंभारीला दाराशी तेलपाणी करून, हवा भरून उभी आहे. तिला रस्ता हवा आहे, एवढेच.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)